बर्लिनमध्ये खाली बघत चाला: स्मारकांसाठी तीन दिवसांची आखणी

युरोपच्या बारा-पंधरा दिवसांच्या सहलीत बर्लिनच्या वाट्याला बहुधा एक दुपार येते. ब्रांडेनबुर्ग गेटसमोर फोटो, भिंतीच्या तुकड्यापाशी फोटो, चेकपॉइंट चार्लीवर, म्हणजे भिंतीवरच्या जुन्या तपासणी नाक्यावर, आइस्क्रीम, की निघाली बस प्रागच्या वाटेला. माझी पहिली भेट अशीच उरकली होती. दुसऱ्यांदा गेले ती भाच्याकडे राहायला. सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर शेजारच्या इमारतीच्या दारात एक आजी फुटपाथवर गुडघे टेकून फडक्याने जमीन पुसत होत्या. जवळ गेले तेव्हा दिसलं, की फरशीत बसवलेले पितळेचे दोन लहान चौकोन होते आणि त्यांवर नावं होती. आजींनी ती चकचकीत होईपर्यंत घासली, एक पांढरं फूल ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

तेव्हापासून बर्लिनला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: खाली बघत चाला. या शहराने आपल्या सगळ्यात कठीण आठवणी उंच चौथऱ्यांवर चढवलेल्या नाहीत. त्या पायाखाली आहेत, फरशीत, रुळांच्या कडेला, चौकाच्या पोटात. बसच्या खिडकीतून त्या दिसत नाहीत. त्यासाठी पायी फिरायला हवं आणि दिवसाला चार-पाच मोठ्या ठिकाणांपेक्षा जास्त हावरटपणा करायला नको. खालची आखणी त्या हिशेबाने केली आहे.

निघण्यापूर्वी

पूर्ण तीन दिवस हाताशी ठेवा. अडीचच असतील तर दुसरा दिवस निम्मा करा, पण पहिला आणि तिसरा सोडू नका. सोमवारी बरीच दालनं बंद असतात. ज्यू स्मारकाखालचं माहिती केंद्र बंद असतं, भिंतीच्या स्मारकाची इमारतही बंद असते. उघड्यावरची स्मारकं मात्र आठवडाभर कधीही पाहता येतात. म्हणून पहिला आणि दुसरा दिवस सोमवारी येऊ देऊ नका, तिसऱ्या दिवसाला सोमवार चालतो.

आगाऊ नोंदणी लागते ती एकाच ठिकाणी, राइशटागच्या, म्हणजे संसद भवनाच्या घुमटासाठी. प्रवेश फुकट आहे, पण जर्मन संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख भरून वेळ घ्यावी लागते. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, कुठे येत नाही, आणि दारावरचा माणूस यादीशी पासपोर्ट ताडून बघतो. मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. उन्हाळ्यात आठवडे आधीच जागा भरतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढलं की लगेच हे काम करून टाका. सकाळी आठची वेळ मिळाली तर उत्तम.

महिना निवडता येत असेल तर मे किंवा सप्टेंबर निवडा. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. हिवाळ्यात गेलात तर दिवसाच्या निम्म्याच गोष्टी होतील असं धरून चाला. पायाला रुळलेले बूट न्या, नवे नकोत. पहिल्या दिवशी आठ-दहा किलोमीटर चाल सहज होते आणि बरीचशी दगडी फरसबंदीवरून.

गाड्या आणि तिकिटं

शहरात दोन लोकल जाळी आहेत. एस-बान बहुतेक जमिनीवरून आणि पुलांवरून धावते, ऊ-बान बहुतेक जमिनीखालून. शिवाय ट्राम आणि बस. तिकीट सगळ्यांना एकच. शहराचे तीन पट्टे आहेत, ए, बी आणि सी. या लेखातल्या तिन्ही दिवसांना एबी पट्ट्याचं २४ तासांचं तिकीट पुरतं. विमानतळ मात्र सी पट्ट्यात आहे, तेव्हा येता-जाता एबीसी तिकीट घ्या. पहिल्याच प्रवासात नेमकी इथेच लोकांची चूक होते.

स्टेशनांवर आडवं दार नाही, कुणी अडवत नाही. यंत्रातून काढलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या लहान पेटीत सरकवून त्यावर शिक्का उमटवायचा असतो. शिक्का नसेल तर तिकीट नसल्यासारखंच. तपासनीस साध्या कपड्यांत डब्यात चढतात आणि दंड ६० युरो आहे. पर्यटक आहोत, माहीत नव्हतं, हे कुणी ऐकून घेत नाही. मोबाइलच्या ॲपवर तिकीट काढलं तर शिक्क्याची भानगड नाही, पण डब्यात चढण्याआधी काढा.

सुटी नाणी खिशात असू द्या, काही स्वच्छतागृहांना लागतात. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून फळं, ब्रेड, दही शनिवारीच घेऊन ठेवा. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. तुर्की आणि अरबी खानावळी गल्लोगल्ली आहेत, फलाफल सगळीकडे मिळतं. बेकरीत बिया लावलेला पाव आणि चीज घेऊन डबा भरला की दुपारचा प्रश्न मिटला. फक्त तो डबा कुठल्याही स्मारकावर बसून उघडू नका.

पहिला दिवस: शहराचा मध्य

ऊ ५ मार्गावरच्या बुंडेसटाग स्टेशनवर उतरा. घुमटाची वेळ होण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दाराशी पोचा, सुरक्षा तपासणी विमानतळासारखी असते. ही इमारत १८९४ ची. २७ फेब्रुवारी १९३३ ला तिला आग लागली आणि त्या आगीचं निमित्त करून हिटलरच्या सरकारने नागरिकांचे मूलभूत हक्कच गुंडाळून ठेवले. १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी ती जिंकली. आजचा काचेचा घुमट नॉर्मन फॉस्टर यांचा, १९९९ चा. आतून वळत वळत वर जाणारा उतार आहे आणि खाली डोकावलं की सभागृहातल्या खुर्च्या दिसतात. कानाला लावायचं माहिती-यंत्र फुकट मिळतं. तुम्ही चालाल तसं ते आपोआप बोलतं आणि कुठल्या दिशेला काय आहे ते सांगतं. दिवसाची सुरुवात इथून करण्याचं कारण हेच, पुढचं सगळं शहर एकदा वरून नजरेखाली येतं.

खाली उतरल्यावर लगेच पुढे पळू नका. इमारतीच्या समोरच्या कोपऱ्यात काळ्या पट्ट्या एकामागे एक उभ्या रोवलेल्या दिसतील. लांबून त्या सायकली लावायच्या घोडीसारख्या वाटतात आणि शेकडो लोक तशाच समजुतीने पुढे जातात. त्या ९६ आहेत. नाझींनी मारलेल्या ९६ खासदारांसाठी एकेक, कडेवर नाव, पक्ष आणि मृत्यूची जागा. लोकशाही मोडताना आधी तिच्याच माणसांना कसं संपवलं गेलं, हे संसदेच्या दारातच लिहून ठेवलं आहे.

तिथून गेटकडे जाताना उजव्या हाताला झाडीत एक दार आहे. आत गोल, काळं, स्थिर पाणी. हे नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांचं, म्हणजे पूर्वी ज्यांना जिप्सी म्हणत त्या समाजाचं स्मारक, दानी कारावान यांनी केलेलं, २०१२ पासून इथे आहे. पाण्याच्या मध्यभागी त्रिकोणी दगड आहे. छळछावणीत कैद्यांच्या कपड्यांवर त्रिकोणी पट्टी शिवत, तिची ती खूण. दगडावर रोज एक ताजं फूल ठेवलं जातं. कडेच्या फरशांवर छावण्यांची नावं कोरली आहेत. इथे पाच मिनिटं गप्प उभं राहा. वाकून पाण्यात बघितलं की स्वतःचा चेहरा दिसतो.

ब्रांडेनबुर्ग गेटबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला आपोआप सापडेल. १७९१ मध्ये पूर्ण झालं. वरचा चार घोड्यांचा रथ नेपोलियनने १८०६ मध्ये पॅरिसला नेला होता, १८१४ मध्ये तो परत आला. भिंतीच्या काळात हे गेट दोन्ही बाजूंच्या लोकांना बंद होतं. गेटच्या पश्चिमेला रस्त्यात फरसबंदीच्या दगडांची जोडरांग दिसेल. भिंत तिथून जात होती. ही जोडरांग लक्षात ठेवा, पुढे तीन दिवस ती शहरभर तुम्हाला भेटत राहील.

दक्षिणेला पाच मिनिटांवर युरोपातील हत्या झालेल्या ज्यूंचं स्मारक. पीटर आयझेनमन यांची रचना, मे २००५ मध्ये खुलं झालं, करड्या काँक्रीटचे २,७११ ठोकळे. नुसतं कडेने पाहिलं तर काहीच कळत नाही. आत शिरा, आणि एकेकटे शिरा. दोन ठोकळ्यांमधली वाट ९५ सेंटिमीटरची आहे, दोघांना शेजारी शेजारी चालता येऊच नये इतकी. कडेचे ठोकळे गुडघ्याच्याही खाली असतात. जमीन हळूच खचत जाते आणि आत साडेचार मीटरपेक्षा उंच भिंती तुमच्यावर झुकलेल्या असतात. रस्त्याचा आवाज बुडतो. सोबतचं माणूस क्षणभर दिसतं आणि पुढच्या आडव्या वाटेत नाहीसं होतं. हाक मारावीशी वाटते आणि मारवत नाही. हे स्मारक वाचायचं नाही, अंगावर घ्यायचं आहे.

ठोकळ्यांवर चढून, उड्या मारत फोटो काढणारे लोक तिथे रोज दिसतात. आपल्यापैकी कुणी त्यांत नसावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

जमिनीखालचं माहिती केंद्र फुकट आहे, पण रांग असते. दीड तास ठेवा. एका खोलीत जमिनीवर उजळलेल्या चौकटी आहेत, त्यांत मरणाआधी लिहिलेल्या पत्रांचे आणि रोजनिश्यांचे तुकडे. वाचायला मान खाली घालावी लागते. पुढच्या खोलीत पंधरा कुटुंबांची कहाणी आहे, मृत्यूच्या आधीच्या आयुष्यासकट. मग नावांची खोली. अंधारात एकेक नाव भिंतींवर उमटतं आणि त्या माणसाची दोन ओळींची माहिती वाचली जाते. सगळ्यांची नावं अशी वाचायची तर सहा वर्षं, सात महिने आणि सत्तावीस दिवस लागतील. लहान मुलांना इथे खाली नेऊ नका, एका मोठ्याने त्यांच्याबरोबर वर थांबावं. आठवी-नववीपुढच्या मुलांना मात्र जरूर न्या.

बाहेर आलात की जेवा आणि थोडं बसा. समोरच्या टियरगार्टन बागेत हिरवळ आहे. ताबडतोब पुढच्या ठिकाणी गेलात तर आत साठलेलं सगळं वाहून जाईल.

दुपारी टोपोग्राफी ऑफ टेरर. जिथे गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलिस) आणि एसएस (नाझींचं निमलष्करी दल) यांची मुख्य कार्यालयं होती, त्याच जागेवर २०१० मध्ये ही करडी, साधी इमारत उभी राहिली. प्रवेश फुकट, रोज उघडं, रात्री आठपर्यंत. इथे आदेश, नोंदी आणि अधिकाऱ्यांचे फोटो आहेत. लाखो माणसं मारण्याचं काम फाइली, शिक्के आणि सह्यांनी कसं चालत होतं, ते कागदोकागदी दिसतं. सगळं वाचायला दिवस पुरणार नाही. सत्ता हातात येतानाची पहिली वर्षं आणि शेवटचा भाग, म्हणजे युद्धानंतर यांतले किती जण सुटले, एवढं वाचा. बाहेर भिंतीचा सुमारे दोनशे मीटरचा तुकडा आहे, न रंगवलेला, लोकांनी ओरबाडलेला. माझ्या मते भिंतीचा सगळ्यात खरा चेहरा हाच.

नॉये वाखे संध्याकाळी सहाला बंद होतं, म्हणून साडेचारला इथून निघा. १८१८ सालची ही पहारेकऱ्यांची चौकी १९९३ पासून युद्ध आणि जुलमाच्या बळींचं राष्ट्रीय स्मारक आहे. आत एकच रिकामी खोली आणि मध्यभागी केटे कोल्विट्स यांचं शिल्प, मेलेल्या मुलाला मांडीत घेऊन बसलेली आई. कोल्विट्स यांचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये रणांगणावर मारला गेला होता. शिल्पाच्या बरोबर वर छताला गोल भोक आहे. पाऊस आला तर तो त्या आईवर पडतो, बर्फही तिच्यावरच साचतं. मी गेले तेव्हा भुरभुर होती. दगडी फरशीवर फक्त तेवढाच गोल ओला होता आणि आईच्या डोक्यावरून पाणी मुलाच्या अंगावर ठिबकत होतं. पाऊस आहे म्हणून इथे जायचं टाळू नका, उलट मुद्दाम जा.

रस्ता ओलांडला की बेबेलप्लात्स. इथे १० मे १९३३ च्या रात्री विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. अंधार पडायला लागला की चौकाच्या मधोमध जमिनीतून उजेड येताना दिसेल. काचेतून खाली बघा: पांढऱ्याशुभ्र फळ्यांची कपाटं, वीस हजार पुस्तकं मावतील एवढी, आणि एकही पुस्तक नाही. मिखा उल्मन यांचं हे काम १९९५ चं. दिवसा काचेवर ढगांचं प्रतिबिंब पडतं आणि काही दिसत नाही, म्हणून संध्याकाळ. जवळच्या पाटीवर कवी हाइनं यांचं वाक्य आहे. जिथे पुस्तकं जाळतात तिथे शेवटी माणसंही जाळतात, असा त्याचा अर्थ. ते या होळीच्या शंभराहून अधिक वर्षं आधी लिहिलेलं आहे आणि त्या रात्री खुद्द हाइनं यांचीही पुस्तकं जळली.

दुसरा दिवस: भिंत

भिंत १३ ऑगस्ट १९६१ ला उभी राहायला लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. पश्चिम बर्लिनला वेढणारी तिची लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. तिच्यापायी निदान १४० माणसं मेली. ती पाहायची खरी जागा बेर्नाउअर श्ट्रासे, चेकपॉइंट चार्ली नव्हे.

एस-बानने नॉर्डबानहोफला उतरा आणि बाहेर पडण्याआधी स्टेशनातलंच प्रदर्शन पाहा. पश्चिमेच्या काही गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जात, पण थांबत नसत. ही स्टेशनं अट्ठावीस वर्षं अंधारात होती, फलाटावर फक्त बंदूकधारी. लोक त्यांना भुताची स्टेशनं म्हणत.

वर आल्यावर पुढचा जवळपास दीड किलोमीटर सगळा उघड्यावरचा आहे. गंजलेल्या लोखंडी कांबी ओळीने उभ्या दिसतील, जिथे भिंत शिल्लक नाही तिथे तिची रेघ म्हणून. या रस्त्याची गोष्ट अशी की घरं पूर्वेत आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. दारं खिळे ठोकून बंद केली तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. ४८ नंबरच्या घरातल्या इडा सीकमान यांनी २२ ऑगस्ट १९६१ ला आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली. त्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा ५९ वा वाढदिवस होता. भिंतीच्या पहिल्या बळी त्याच. मग खिडक्याही विटांनी बुजवल्या. पुढे लोक जमिनीखालून निघाले, १९६४ मध्ये इथल्याच एका बोगद्यातून दोन रात्रींत ५७ जण पलीकडे पोचले.

मृतांचे फोटो लावलेली लोखंडी चौकट गवतावर उभी आहे. एकेका कप्प्यात एकेक चेहरा, काही लहान मुलांचेही. समोरच्या इमारतीच्या मनोऱ्यावर चढलात की दोन भिंती, मधली वाळू आणि पहाऱ्याचा बुरूज जसाच्या तसा ठेवलेला दिसतो. भिंत म्हणजे एक भिंत नव्हती, तो एक पट्टा होता, हे इथेच नीट समजतं. पुढे मातीची लंबगोल प्रार्थनाजागा लागेल. इथलं चर्च भिंतीच्या पट्ट्यात अडकलं होतं, पूर्वेच्या सरकारने ते जानेवारी १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याच चर्चचा चुरा मातीत कालवून २००० मध्ये ही भिंत थापली. हात लावून बघा, विटांचे आणि काचांचे तुकडे बोटांना लागतात. बाजूला राय या धान्याचं शेत आहे, जिथे एकेकाळी माणसांवर गोळ्या झाडत तिथे आता धान्य पिकतं. मंगळवार ते शुक्रवार दुपारी बाराला आत एका मृताची हकिगत वाचली जाते. जर्मन येत नसलं तरी बसा.

दुपारी ऊ ६ ने कोखश्ट्रासे. चेकपॉइंट चार्लीची चौकी ही नक्कल आहे, दोन मिनिटांत पाहून होते. तिथून त्सिमरश्ट्रासे धरून पूर्वेला काही मिनिटं चाला, जमिनीतली जोडरांग वाट दाखवेल. एक साधा गंजल्या रंगाचा खांब लागेल. पेटर फेख्टर, वय १८. १७ ऑगस्ट १९६२ ला भिंत ओलांडताना त्याला गोळी लागली, आणि दोन्हीकडच्या लोकांच्या डोळ्यांदेखत तो जवळजवळ तासभर रक्तबंबाळ पडून होता. कुणी पुढे झालं नाही. खांबावर लिहिलंय, त्याला फक्त स्वातंत्र्य हवं होतं. चेकपॉइंटवर एवढी गर्दी आणि इथे बहुधा कुणीही नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पायांत बळ उरलं असेल तर ऊ ६ ने हालेशेस टोर, तिथून ऊ १ किंवा ऊ ३ ने वार्शाउअर श्ट्रासे. नदीकाठची ईस्ट साइड गॅलरी, १९९० मध्ये चित्रकारांनी रंगवलेला १.३ किलोमीटरचा भिंतीचा तुकडा. ही संध्याकाळच्या फेरफटक्याची जागा. तिच्यापेक्षा मला ओस्टक्रॉइत्सला गाडी बदलून ट्रेप्टोवर पार्कला जाणं आवडतं. तिथलं सोव्हिएत स्मारक १९४९ चं, सुमारे सात हजार सैनिक तिथे पुरले आहेत. मोडक्या स्वस्तिकावर पाय देऊन, लहान मुलीला कडेवर घेऊन उभा असलेला बारा मीटर उंच सैनिक. बर्लिनमध्ये मान वर करून पाहावं लागणारं स्मारक ते हेच.

तिसरा दिवस: दारं, दिवे आणि रूळ

सुरुवात बायरिशर प्लात्सपासून. स्वच्छ, सुखवस्तू वस्ती, एकेकाळी ज्यू डॉक्टर-वकिलांची. आइनस्टाइनही इथेच राहत. दिव्याच्या खांबांवर लहान पाट्या दिसतील, एकूण ८०, १९९३ पासून लावलेल्या. एका बाजूला बालवाडीतल्यासारखं चित्र, दुसऱ्या बाजूला एक कायदा किंवा हुकूम. पावाचं चित्र असलेल्या पाटीवर लिहिलंय, ज्यूंनी बर्लिनमध्ये किराणा फक्त दुपारी चार ते पाच या वेळात घ्यावा, जुलै १९४०. बाकाच्या पाटीवर, या चौकात ज्यूंनी पिवळी खूण केलेल्या बाकांवरच बसावं. १९४२ मधल्या आणखी एका पाटीवर, ज्यूंनी घरात पाळीव प्राणी ठेवू नयेत. एकेक हुकूम लहान, ऐकणाऱ्याला सहन होईल असा. पाट्यांमागून पाट्या वाचत गेलं की पोटात गोळा येतो. पाट्या जर्मनमध्ये आहेत, मोबाइलचा कॅमेरा रोखून भाषांतर वाचा.

याच गल्ल्यांमध्ये फुटपाथवरचे पितळी दगडही भरपूर आहेत. त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने ही सुरुवात केली. बर्लिनमध्ये असे दहा हजारांहून अधिक आणि युरोपभर लाखाच्या वर आहेत. नाझींचा बळी ठरलेला माणूस जिथे शेवटचा स्वेच्छेने राहत होता त्या दारासमोर दगड बसतो. वाचायला पाच-सहा शब्द पुरतात:

हिअर वोन्टे: इथे राहत होते.
यारगांग, लिहिताना दोनच अक्षरं: जन्मसाल.
फेरहाफ्टेट: अटक.
डेपोर्टीर्ट: हद्दपार, पुढे तारीख आणि छावणी.
एरमोर्डेट: खून केला.
फ्लुख्ट इन डेन टोड: शब्दशः मृत्यूमध्ये पलायन, म्हणजे नेण्याआधीच जीव दिला.
यूबरलेब्ट: वाचले.

शेवटचा शब्द फार क्वचित भेटतो. एका दारासमोर चार दगड असतील तर सालं ताडून बघा, आई कोण, बाप कोण, धाकटं मूल केवढं होतं ते कळेल.

आता ऊ ४ ने नोलेनडोर्फप्लात्स आणि तिथून ऊ ३ ने फ्रायं उनिव्हर्सिटेट स्टेशन. हा फेरा सहलीच्या कुठल्याच यादीत नसतो, पण मराठी माणसाने करावा. इनेश्ट्रासे २२ या इमारतीत कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्र केंद्र होतं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे पुण्याहून इथे संशोधनाला आल्या. संचालक ऑइगेन फिशर वंशश्रेष्ठतेचा पुरस्कर्ता. मानवी कवटीच्या दोन बाजूंतला फरक हा इरावतीबाईंचा विषय. त्यांनी कवट्या मोजल्या आणि या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध मांडला. एकट्या, परदेशात, पदवी त्याच्याच हातात असताना. पुढे याच संस्थेने नाझींच्या वंशकायद्यांना शास्त्राचा मुलामा दिला आणि आउशवित्झ छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याने तिथून माणसांचे अवयव इथे पाठवले. दाराजवळच्या पाटीवर त्या गुन्ह्यांची नोंद आहे. २०१४ मध्ये शेजारच्या जमिनीत खोदकाम करताना माणसांची हाडं निघाली, त्यांचं दफन २०२३ मध्ये झालं. इमारत आज विद्यापीठाची आहे, आवाज न करता बाहेरून पाहा. मी त्या दारापुढे उभी होते तेव्हा मुलं सायकली लावून तासाला धावत होती.

परतीला ऊ ३ ने हायडेलबेर्गर प्लात्स, तिथून वर्तुळाकार एस-बानने वेस्टक्रॉइत्स, मग एस ७ ने ग्रुनेवाल्ड. स्टेशनच्या भुयारी वाटेतच फलाट १७ ची खूण आहे. १८ ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंना इथून गाड्यांत भरून नेलं. फलाटाच्या दोन्ही कडांना १८६ लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत, एका गाडीला एक. तारीख, माणसांची संख्या, कुठून कुठे. वाचताना पाऊलपाऊल चालावं लागतं. आधी हजारहजाराचे आकडे, मग शंभराचे, मग तीस-चाळीस. शेवटची पट्टी २७ मार्च १९४५ ची, माणसं १८. बर्लिन पडायला महिनाच राहिला होता, तरी त्या अठरांसाठी गाडी निघाली. रुळांत बर्च वगैरे झाडं उगवली आहेत, ती मुद्दाम काढलेली नाहीत, म्हणजे या रुळावरून आता कधीच गाडी जाणार नाही. लोक पट्ट्यांवर खडे आणि फुलं ठेवतात. इथे अर्धा तास तरी ठेवा आणि उजेड असताना जा.

एस ७ नेच त्सोओलोगिशर गार्टनला आलात की कैसर विल्हेल्म स्मारक चर्च. नोव्हेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात मोडलेला मनोरा तसाच ठेवला आहे. शेजारच्या १९६१ च्या नव्या चर्चमध्ये सगळ्या भिंती निळ्या काचांच्या, आत गेलात की दिवसभराचा शीण हळूहळू उतरतो. बाहेर पायऱ्यांवर एक सोनेरी भेग शोधा. १९ डिसेंबर २०१६ ला इथल्या नाताळ बाजारात ट्रक घुसवला गेला, त्यात गेलेल्यांची नावं त्या पायऱ्यांवर आहेत.

चौथा दिवस मिळाला तर

बहुतेक जण साक्सेनहाउजन छळछावणीला जातात. एस १ ने ओरानिएनबुर्ग, एबीसी तिकीट, प्रवेश फुकट, अख्खा दिवस. १९३६ ते १९४५ मध्ये तिथे दोन लाखांहून अधिक माणसं कोंडली होती. त्या संध्याकाळी दुसरं काहीही ठरवू नका.

दुसरी वाट दक्षिणेला, व्युन्सडोर्फकडे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतले जे हिंदी सैनिक जर्मनांच्या हाती लागले, त्यांना तिथल्या अर्धचंद्र छावणीत ठेवलं होतं. छावणीतल्या मुस्लिम कैद्यांसाठी १९१५ मध्ये लाकडी मशीद बांधली गेली आणि जर्मन संशोधकांनी या हिंदी सैनिकांच्या बोलींतली गाणी, गोष्टी तबकड्यांवर उतरवून घेतल्या. ते आवाज आजही हुम्बोल्ट विद्यापीठात जपलेले आहेत. जे घरी परतले नाहीत त्यांतल्या २०६ जणांच्या कबरी झेरेन्सडोर्फच्या हिंदी दफनभूमीत आहेत, झाडीच्या मधोमध. व्युन्सडोर्फ-वाल्डश्टाट स्टेशनवर उतरल्यावर बरंच अंतर कापावं लागतं, सायकल गाडीत चढवून नेली तर बरं. वाटेत चहापाण्याची सोय नाही, बाटली भरून घ्या. आणि जाण्याआधी स्टेशनजवळ फुलं मिळाली नाहीत तर बर्लिनमधूनच घेऊन निघा.